क्यूच्या अभिलेखागाराची नक्कल-सेवा: विमान पडूनही परत आलेल्या आजोबांचा जबाब पुण्यात बसून मागवायचा तर

लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि तिथल्या कागदांच्या नकला घरबसल्या मागवता येतात. दुसऱ्या महायुद्धात विमान पडलं, मग शत्रूच्या मुलखातून लपतछपत, कोणाकोणाच्या आधाराने परत आले, एवढीच गोष्ट ज्या घरात तुटक तुटक सांगितली जाते, त्या घराने या सेवेवर पैसे घालावेत का, एवढ्यापुरतं हे परीक्षण आहे. मत आधीच सांगून टाकतो. नक्कल करून देण्याचं काम चोख आहे, पण कागद शोधून देण्याचं काम या सेवेत मोडत नाही. तुम्ही बोट ठेवाल ते पान मिळतं. बोट कुठे ठेवायचं हे ठरण्याआधी पैसे भरले तर ते जवळपास वायाच गेले म्हणून समजा.

अडचण मांडणीतली आहे. घरच्यांकडे असतं नाव, आणि क्यूची दप्तरं लावलेली आहेत खात्यानुसार, तुकडीनुसार, तारखेनुसार. ‘डिस्कव्हरी’ हा त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, वेगवान आहे, पण तो फाईलींची वर्णनं धुंडाळतो, फाईलच्या आतला मजकूर नाही. आडनाव टाकून नोंद निघाली तर उत्तमच. निघाली नाही म्हणजे कागद नाही, असं मात्र समजू नये. त्यात मराठी आडनावं टंकलेखकाच्या कानाला लागली तशी उतरलेली असतात, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाची अदलाबदल ही तर नेहमीचीच. म्हणून नावापेक्षा सेवा क्रमांक भरवशाचा. भारतीय हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी आयएनडी ही अक्षरं असत. क्रमांक घरच्या कागदांत नसेल तर ‘भारत रक्षक’ या संकेतस्थळावरची अधिकाऱ्यांची सूची आणि ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक आधी पाहावेत. दोन्ही फुकट. ट्रंकेतली पत्रं मोडीत असतील तर तीही वाचून घ्यावीत. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, तिथे वाचणारं कोणीतरी भेटतं.

तीन गोष्टी हातात आल्याशिवाय क्यूकडे मागणी करू नये: विमान पडल्याची तारीख, स्क्वाड्रनचा क्रमांक, आणि माणूस नेमका कसा परतला. तिसरी गोष्ट बहुतेक घरं गृहीत धरतात आणि तिथेच चुकतात. विमान पडलं पण शत्रूच्या हाती लागलेच नाहीत, हा एक प्रकार. पकडले गेले आणि छावणीतून किंवा वाटेतून निसटले, हा दुसरा. युद्ध संपेपर्यंत कैदेत होते आणि सुटले, हा तिसरा. घरच्या बोलण्यात तिन्हींना ‘पळून आले’ असंच म्हटलं जातं, कागद मात्र वेगवेगळ्या कपाटांत असतात. पहिल्या दोघांचे जबाब एमआय९ या गुप्तचर शाखेने घेतले; ते डब्ल्यूओ (WO, म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) २०८ या मालिकेत, मुख्यतः ३२९८ ते ३३२७ या फाईलींत आहेत. नॉर्मंडीच्या चढाईनंतर पुढे सरकणाऱ्या फौजांना जे थेट येऊन मिळाले त्यांचे जबाब आघाडीवरच आयएस९ने, म्हणजे एमआय९च्या हाताखालच्या तुकडीने, घेतले; ते ३३४८ ते ३३५२ मध्ये सापडतात आणि सहसा त्रोटक असतात. तिसऱ्या प्रकारच्या लोकांनी सुटकेनंतर प्रश्नावल्या भरल्या. अशा सुमारे १,४०,००० प्रश्नावल्या डब्ल्यूओ ३४४ मध्ये आडनावाच्या क्रमाने लावलेल्या आहेत, १ ते ३५९ जर्मनीकडच्या कैद्यांच्या आणि ३६० ते ४१० जपानकडच्या. पळून जाण्याचा प्रयत्न केला होता का, हा त्यातला एक प्रश्न असल्याने फसलेल्या पलायनाची हकीकतही इथेच मिळते. सगळ्यांनी ती भरली नव्हती, हे लक्षात ठेवावं. माणूस जर्मनीत कैदेत होता की नाही एवढंच पाहायचं असेल तर एआयआर (AIR, म्हणजे हवाई खात्याचे कागद) २०/२३३६ ही हवाई दलाच्या युद्धकैद्यांची यादी पुरते.

प्रकार ओळखायला घरातल्या वस्तूही कामी येतात. सोन्याची छोटी अळी असलेली पिन म्हणजे पॅराशूटने जीव वाचला, एवढंच. पुढे काय झालं ते ती सांगत नाही. पंख असलेला बूट असं चिन्ह असेल तर माणूस शत्रूच्या हद्दीतून परत आला होता. हे चिन्ह १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सुरू झालं. रेशमावर छापलेला नकाशा सापडला तर मात्र फार हुरळून जाऊ नये. तो उड्डाणाआधी सरसकट वाटला जाई, वापरला गेलाच असं नाही.

आता प्रत्यक्ष सेवा. संदर्भ क्रमांक रोमन अक्षरांत टाकून नोंद उघडायची. कागद आधीच स्कॅन झालेला असेल तर पैसे भरून लगेच उतरवून घेता येतो. स्क्वाड्रनची रोजनिशी, म्हणजे एआयआर २७ ही मालिका, अशी उपलब्ध आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. इथे एक खाचखळगा आहे. प्रत्येक महिन्याच्या नोंदी दोन प्रकारच्या असतात: फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा, आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील, त्यात विमानाचा क्रमांक, कर्मचारी, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ. कॅटलॉगमध्ये ही दोन अनेकदा वेगळ्या फाईली म्हणून येतात. वर्णनात गोषवारा आणि तपशील यांच्यापुढे होय-नाही अशी खूण असते, ती न वाचता पहिली फाईल उचलली की हाती गोषवारा येतो आणि नावं मिळतच नाहीत. पाडलेल्या विमानापुढे ५४१ मध्ये उतरण्याची वेळ कोरी असते. तिथे जे सहकारी लिहिलेले आहेत त्यांची नावं उतरवून घ्या, पुढे फार उपयोगी पडतात.

डब्ल्यूओ २०८ सारख्या स्कॅन न झालेल्या कागदांसाठी आधी ‘पेज चेक’ मागावा लागतो. तिथला कर्मचारी फाईल काढून तुमच्या मागणीत किती पानं बसतात ते पाहतो आणि नकलांचा खर्च कळवतो. पेज चेकची फी वेगळी, ती परत मिळत नाही, आणि दर अधूनमधून बदलतात, म्हणून त्या दिवशी संकेतस्थळावर असेल तोच धरावा. एका फाईलमध्ये कित्येक जणांचे जबाब एकत्र बांधलेले असतात. ‘पूर्ण फाईल द्या’ म्हटलं की आकडा भलताच येतो. ‘यात आमचे आजोबा आहेत का पाहा’ म्हटलं तर ते पेज चेकमध्ये बसत नाही. मागणीत संदर्भ क्रमांक, हुद्दा, नाव, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन आणि जबाबाचा क्रमांक ठाऊक असेल तर तोही, एवढं चार ओळींत लिहावं. कौटुंबिक इतिहास लिहू नये. तो वाचला जात नाही आणि पानं मोजणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नकला डिजिटलच घ्याव्यात. मूळ जबाबांच्या कित्येक प्रती कार्बनच्या आहेत आणि फिकट आहेत. पडद्यावर मोठ्या करून त्या वाचता येतात, छापील प्रतीत अक्षर हरवतं.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर दोष बहुधा आपल्याच बाजूला असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात, परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून वेगळा सुरू करावा लागतो. पौंडाच्या दरावर बँकेचं शुल्क आणि त्यावर जीएसटी, हेही हिशेबात धरावं.

तीन-चारपेक्षा जास्त फाईली चाळायच्या असतील तर ही सेवा महाग पडते. मग स्वतंत्र संशोधक गाठावा. अशांची यादी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरच आहे आणि ते तासावर काम करतात. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे आपलं माणूस. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमधून कोणाचा ना कोणाचा भाचा इंग्लंडात असतो. वाचकाचं ओळखपत्र फुकट मिळतं, कागद आधी नोंदवून ठेवता येतात, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. भाच्याला मात्र संदर्भ क्रमांकांची यादी हातात देऊन पाठवावं, ‘जाऊन बघ जरा’ म्हणून नव्हे.

जबाब हाती आल्यावर तो कसा वाचायचा? पहिल्या पानावर हुद्दा, जन्मतारीख, युद्धापूर्वीचा व्यवसाय, घरचा पत्ता. पुण्याचा माणूस असेल तर इथे ‘पूना’ आणि पेठेचं नाव दिसू शकतं, आणि माणूस तोच याचा हा सगळ्यात पक्का पुरावा. मग सहकाऱ्यांची यादी आणि त्यांचं काय झालं. त्यापुढे हकीकत. त्या हकीकतीत मदत करणाऱ्यांची नावं बहुतेक नसतात, आणि हा निष्काळजीपणा नाही. ‘एका शेतकऱ्याने कपडे दिले, एका बाईने स्टेशनावर पोचवलं’ एवढंच लिहिलं जाई, कारण कागद शत्रूच्या हाती पडला असता तर त्या घराची खैर नव्हती. नावं, पत्ते, लष्करी माहिती आणि सुटकेच्या साहित्याचा किती उपयोग झाला याचा तपशील स्वतंत्र परिशिष्टांत घातला जाई, आणि ही परिशिष्टं नेहमी मूळ जबाबाला जोडलेली नसतात. म्हणून मागणीत ‘मुख्य जबाब आणि उपलब्ध सर्व परिशिष्टे’ हे शब्द हवेतच. फक्त जबाब मागवणाऱ्याला गोष्टीचा सांगाडा मिळतो, माणसं परिशिष्टात राहतात. परत आलेल्यांकडून याबद्दल कुठे न बोलण्याची लेखी हमीही घेतली जाई. आजोबा आयुष्यभर गप्प का राहिले याचं एक कारण त्या सहीत आहे.

तारखांची गफलत इतकी सर्रास होते की तिच्यावर वेगळं लिहायला हवं. रात्रीच्या बॉम्बफेकीची नोंद ‘१५/१६’ अशी जोडतारखेने होते. उड्डाण १५ला, विमान पडलं १६ला पहाटे. घरी आलेल्या तारेत यातली कुठलीही एक तारीख असू शकते, किंवा तार निघाल्याची तिसरीच. शोधताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दिवस धरावेत. घड्याळाचंही तसंच. १९४१ ते १९४५ च्या उन्हाळ्यांत ब्रिटनचं घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे होतं. भारतात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत साडेपाचऐवजी साडेसहा तासांची युद्धकालीन वेळ चालू होती. दोन कागदांतल्या वेळा बरोबर एका तासाने जुळत नसतील तर कोणी खोटं बोलत नाही, घड्याळं वेगळी आहेत.

जागा सापडत नसेल तर मृत सहकाऱ्यांवरून सापडते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या, म्हणजे आपल्या खडकीच्या युद्ध दफनभूमीची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर तारीख आणि हवाई दल असा शोध घेता येतो, तोही फुकट. त्याच विमानातला एखादा जण एखाद्या गावच्या स्मशानभूमीत पुरलेला असेल तर विमान बहुधा तिथूनच फार दूर पडलेलं नसतं. दफन नंतर दुसरीकडे हलवलं असेल तर त्या हलवाहलवीच्या फॉर्मवर मूळ जागेचा नकाशा-संदर्भ असतो, तो तर सोन्याहून पिवळा. आग्नेय आशियात जे सापडलेच नाहीत अशा हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. परत आलेला माणूस तिथे नसणार, पण त्याचा सहकारी असू शकतो.

भारतीय हवाई दलातले बहुसंख्य लोक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, आणि त्यांच्यासाठी क्यूचं यश कमी धरावं. युरोपात मदतीच्या साखळ्या होत्या. १९४१ मध्ये आंद्रे द योंग या तरुणीने ब्रुसेल्सहून सुरू केलेली ‘कॉमेट’ तर वैमानिकांना पिरेनीज पर्वतापलीकडे स्पेनमध्ये नेई, आणि तिच्या संशोधकांनी वाचवलेल्या एकेका माणसाची नोंद ऑनलाइन लावली आहे. आराकान आणि चिन टेकड्यांत असं काही नव्हतं. तिथे माणूस जंगलातून, गावकऱ्यांच्या मर्जीवर, दिवसेंदिवस चालत आला आणि बऱ्याचदा त्याची हकीकत स्वतंत्र जबाब न होता स्क्वाड्रनच्या रोजनिशीत दोन-तीन ओळींत संपली. म्हणून ब्रह्मदेशाच्या बाबतीत ५४० आणि ५४१ दोन्ही, आणि ज्या महिन्यात विमान पडलं त्याच्या पुढचेही दोन महिने मागवावेत; परत आल्याची नोंद परतण्याच्या दिवशी असते. त्यानंतर एआयआर २३, म्हणजे परदेशातल्या हवाई कमांडांचे कागद, आणि डब्ल्यूओ २०३, म्हणजे आग्नेय आशिया कमांडचे. ज्यांना जपान्यांनी पकडून रंगूनच्या तुरुंगात ठेवलं त्यांची नावं जपान्यांनी वेळेवर कळवलीच असं नव्हे. त्यामुळे घरी ‘बेपत्ता’ची तार आणि १९४५ च्या मे महिन्यात एकदम ‘सुखरूप’ अशी तार, हा क्रम संशयास्पद नाही.

ब्रह्मदेशातल्या जागा त्या काळच्या सर्वेक्षण नकाशांच्या चौकटीत, अक्षरं आणि आकड्यांत दिलेल्या असतात. ही चौकट यार्डांत मोजलेली आहे आणि आजच्या अक्षांश-रेखांशात ती थेट बसत नाही. शीट क्रमांक सोडून नुसते आकडे मोबाईलच्या नकाशात टाकले तर माणूस भलत्याच दरीत जातो. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा संग्रहात अमेरिकी लष्कराचे ब्रह्मदेशाचे जुने नकाशे फुकट आहेत, गावांची तेव्हाची नावं तिथे जुळवावीत. नकाशाचं साल किती महत्त्वाचं, हे १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत पडलेल्या आणि ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून निसटलेल्या पुण्याच्या दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या प्रकरणातून कळतं. अफगाण सीमेजवळ पोचल्यावर त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची वाट विचारली. नकाशावर ते रेल्वेचं ठाणं होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती, आणि प्रश्न ऐकूनच संशय आला.

क्यूशी तुलना करायची तर वॉशिंग्टनचं अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागार सरळ उजवं ठरतं. युरोपातून निसटून आलेल्या अमेरिकी विमानकर्मींचे जवळपास ३,००० जबाब त्यांनी संपूर्ण स्कॅन करून फुकट ठेवले आहेत, परिशिष्टांसकट, हस्ताक्षरातल्या टिपणांसकट. आपला माणूस अमेरिकी नसला तरी ते पाहावेत. पर्वत ओलांडणाऱ्या टोळीत चार देशांचे लोक एकत्र असत, आणि एकाच्या जबाबात दुसऱ्याचा उल्लेख येतो. जिथे क्यूचा कागद गप्प आहे तिथे अमेरिकी कागदात त्याच घराचा पत्ता मिळू शकतो. फक्त हा संग्रह युरोपचा आहे, ब्रह्मदेशाचा नाही. ब्रह्मदेश आणि चीनकडे पडलेल्या अमेरिकी विमानांसाठी ‘बेपत्ता विमानकर्मी अहवाल’ ही वेगळी मालिका आहे. ती १९४३ पासून नियमित झाली.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांची नोंदपत्रं आहेत, पण दुसऱ्या महायुद्धाबद्दलच्या विनंत्या ते वर्षातून ठरावीक वेळीच आणि ठरावीक संख्येतच घेतात. खिडकी उघडते आणि भरली की बंद होते. तारीख पाहून, मजकूर तयार ठेवून बसावं लागतं. पकडलाच न गेलेल्या माणसासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही.

उरली दिल्ली. भारतीय हवाई दलाच्या माणसाची वैयक्तिक सेवापत्रिका क्यूला मागू नये, ती हवाई दलाकडे असते. नातं सिद्ध करणारे कागद आणि मृत्यूचा दाखला जोडून साधा अर्ज करावा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. वीस वर्षांहून जुन्या घटनेबद्दल त्या कायद्याच्या कलम ८ (३) चा आधार घेता येतो, काही अपवाद वगळून. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती व्यापक आहे’ असं उत्तर यायला वाव राहतो. ‘अमुक क्रमांकाच्या अधिकाऱ्याच्या सेवापत्रिकेतील अमुक ते अमुक तारखांच्या नोंदींची प्रत’ असं मागावं. सरकारी फाईलींसाठी भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. नोंदणी फुकट, शोध मात्र चिकाटीचा. १९७१ च्या युद्धातल्या माणसासाठी तर क्यूचा विषयच येत नाही, सगळं दिल्लीतच.

खर्चाच्या दृष्टीने मग असं: सूची, गॅझेट, समाधी आयोग, वॉशिंग्टन हे फुकटातलं सगळं आधी, मग एआयआर २७ मधला नेमका महिना, आणि नाव, तारीख, स्क्वाड्रन तिन्ही जुळल्यावरच डब्ल्यूओ २०८ चा पेज चेक. युरोपात पडून परतलेल्या माणसासाठी क्यूला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. ब्रह्मदेशासाठी अडीच, आणि तेही रोजनिशीच्या जोरावर.